खिडकीतला तक्क्या

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, "डॅग्नीबाई, आज तोंड का असं?" तोंड असं नसेल तर कसं असेल? सकाळपासून बँडवाल्यांच्या चौदा कोटांना बटणं लावतेय, ओठांत टाचण्या धरलेल्या, आणि एवढ्यात निरोप, चला, साहेबांनी बोलावलंय. कशाला? तर हसायला. जेवायला बोलावतात, तेराव्याला बोलावतात, हसायला कुणी कुणाला बोलावतं का? तेरा वर्षं हेच चाललंय. आदल्या दिवशी घेतलेला सिनेमाचा तुकडा अंधाऱ्या खोलीत पडद्यावर लावायचा, मला पहिल्या खुर्चीत बसवायचं, आणि साहेबांनी पडद्याकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. मी हसले की तुकडा राहतो. नाही हसले की जातो. म्हणून तर मोठमोठे नट जिन्यात मला बघून टोपी काढतात. शिवणखात्यातल्या बाईला!

आज मला हसू आलं नाही. यात माझा काय गुन्हा? साहेब म्हणाले, "दिवा लावा."

साहेब म्हणजे एब्बे क्रोस्ट्रुप. बावीस सिनेमे. खेड्यापाड्यातली माणसं दहा-दहा मैल सायकली मारत ज्याचे सिनेमे बघायला जातात, त्या माणसाची भाकरी माझ्या दातांवर शिजते. वर्तमानपत्रवाले त्याला कधीच विचारत नाहीत. एकाने लिहिलं होतं, हा माणूस सिनेमा काढत नाही, गुदगुल्या विकतो. मागल्या वर्षी त्याला काय भरलं कोण जाणे, गंभीर सिनेमा काढला, दारू पिणाऱ्या दीपगृहवाल्याचा. मला तो आधी दाखवला नाही. चौथ्या दिवशी थिएटरवाल्यांनी उतरवला. आता हा बेकरीवाल्याचा सिनेमा पडला तर मालक त्याला घरी बसवणार, असं सगळा स्टुडिओ बोलतोय. आणि याला शेवटच सापडत नाहीये.

१५ ऑगस्ट, गुरुवार

देवाने मला तोंड दिलं, त्याला दार लावायचं विसरला.

दुपारी डबे उघडून बसलो होतो. राय धान्याच्या काळ्या पावावर यकृताचा लगदा आणि बीट, रोजचंच. साहेब समोर बसून पावाची कड कुरतडत होते, जेवणात लक्ष नाही. जाडा नट, जो बेकरीवाला झालाय, तो म्हणाला, "शेवटी मी पिठाच्या पोत्यात पडतो, झालं." साहेब म्हणाले, "तू गेल्या तीन सिनेमांत पोत्यात पडलायस." मला त्या माणसाची दया आली. खरं लिहायचं तर दया आली आणि जरा मिरवावंसंही वाटलं. मी म्हटलं, "आमच्या बेटावर काय झालं सांगू?"

आणि सांगितलं. थोर्वालचं.

माझा धाकटा भाऊ, लांगेलान बेटावर मासे धुरी देऊन विकतो. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पंचविशी म्हटल्यावर शेजारी काय सोडतात! आदल्या दिवशी दाराला पाइनच्या फांद्यांची कमान, सकाळी साडेसहाला बँड आणि सगळी गल्ली खिडकीखाली गाणं म्हणायला. आणि नवराबायकोने गाढ झोपेतून उठल्यासारखं करून, रात्रीच्याच कपड्यांत, खिडकीत येऊन हात हलवायचा. मग सगळ्यांना आत बोलावून कॉफी. पण इंगेबोर, माझी भावजय, तीन आठवड्यांआधीच घर सोडून बहिणीकडे स्वेनबोर्गला गेली होती, कायमची. याने कुणाला सांगितलंच नव्हतं. पाठ धरलीय, झोपून आहे म्हणायचा. लोक कमान बांधायला आले तेव्हाही याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग काय करेल? पहाटे उठून बिछान्यावरच्या तक्क्याला तिची टोपी घातली, तिचं रात्रीचं झंपर चढवलं, आणि खिडकीत स्वतःशेजारी धरून झाडूच्या दांडक्याने रिकामी बाही हलवत बसला! खाली चाळीस माणसं जयजयकार करतायत, एकदा नाही, नऊ वेळा. आणि नवव्याला बाही गळून खाली आली.

"मग?" जाडा नट. त्याचा घास तोंडातच.

"मग काय, शेजारची बोडिल अगदी पुढे उभी होती, विधवा आहे, तिने बघितलं. आणि वळून ओरडली, आजारी बाईला किती त्रास देता, चला, कॉफी माझ्याकडे! चाळीसच्या चाळीस माणसं हाकत घेऊन गेली. बाकी कुणाला पत्ता नाही."

सगळे टेबलं बडवत होते. एकाच्या नाकातून बिअर आली. साहेब मात्र हसले नाहीत. पाव खाली ठेवून म्हणाले, "टोपी कुठल्या रंगाची?"

मी म्हटलं, "निळी."

१९ ऑगस्ट, सोमवार

बेकरीवाल्याची पंचविशी लिहून झालीसुद्धा. साहेबांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "डॅग्नीबाई, भाऊ रागावणार नाही ना?" मी म्हटलं, "तो मासेवाला, तुमचा बेकरीवाला. तुमच्या सिनेमातलं गाव तिकडे युटलंडात. कुणाला काय कळतंय?" आणि थोर्वाल काही 'कुणाला सांगू नकोस' असं म्हणाला नव्हता. धुराच्या भट्टीपाशी माझ्याकडे पाठ करून मासे टांगत होता तेव्हा त्यानेच आपणहून सांगितलं. ऐकून मी पोट धरून हसले. तोही हसला. खांदे हलत होते त्याचे, मला दिसत होतं.

टोपी मीच शिवणार आहे. दुसऱ्या कुणाला ती जमायची नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज खिडकीच्या प्रसंगाचं शूटिंग झालं. तक्क्याला टोपी बांधली होती ती बघून मला राहवेना. मी मध्ये घुसले, "फितीची गाठ हनुवटीखाली नाही, डाव्या कानाखाली. माझी भावजय तशी बांधायची." साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोळे!" सगळ्यांसमोर म्हणाले. लहानपणी आम्ही एक दिवसाआड शाळेत जायचो, आणि मी त्यातला आडचाच दिवस शिकले, असं मास्तर म्हणायचे. मला कुणी आजवर डोळे असल्याचं म्हटलं नव्हतं.

साहेबांनी शेवट बदललाय. तक्क्या खिडकीतून सुटतो आणि थेट तुतारीवाल्याच्या तुतारीत जाऊन बसतो. शेजारीण काढून टाकली. म्हणाले, तिच्यामुळे हसू थांबतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हसले. खिडकीचा प्रसंग आज जोडून दाखवला, आणि अशी हसले की बरगडीत कळ आली, डोळ्यांतून पाणी, खुर्ची करकरायला लागली. दिवा लागला तेव्हा साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गारठले होते. म्हणाले, "वाचवलंत मला."

मला चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२८ ऑक्टोबर, सोमवार

पहिला खेळ. आमच्या सिनेमांना वेळ लागत नाही, तव्यावरून उतरले की ताटात. बाल्कनीत मी जाड्या नटाच्या बायकोशेजारी. खिडकीचा प्रसंग आला आणि थिएटरचं छत हललं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी लोकांकडे बघितलं, आणि एकदम मनात आलं की ही सगळी थोर्वालच्या खिडकीखाली उभी आहेत. आठशे माणसं. मग मी परत हसले, कारण बाजूची बाई मला कोपर मारत होती.

४ नोव्हेंबर, सोमवार

वर्तमानपत्रांनी नेहमीसारखं लिहिलंय, पण लोक रांगा लावून आहेत. पाववाल्या दुकानातली पोरगी गिऱ्हाइकांना निरोप देताना हात लुळा करून हलवते. बाही हलवल्यासारखा. ट्रॅमचा कंडक्टरही तसाच हलवतो. सगळं शहर लुळे हात हलवतंय. मालकांनी साहेबांना आणखी तीन वर्षांचा करार दिला.

१० नोव्हेंबर, रविवार

थोर्वालचं पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"ताई, तुमचा सिनेमा शनिवारी आमच्याकडे लागतोय. दोन तिकिटं काढली. बोडिलला नेतोय, ती बिचारी कुठे जातच नाही. पहिली रांग घेतली, तुझं शिवण जवळून दिसतं म्हणून. लोक म्हणतात खूप हसवतो. मला बरेच दिवसांत हसायला झालेलं नाही. हेरिंग मासळी यंदा चांगली आहे."

दर सिनेमाला हा पहिल्या रांगेत बसतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, तो कोट बघा, माझ्या बहिणीच्या हातचा.

तार करावी. पण तारेत काय लिहू? जाऊ नकोस म्हटलं तर का म्हणेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

टपालकचेरीत गेले होते. खिडकीवरची बाई म्हणाली, "बोला." मी म्हटलं, "चार तिकिटं द्या." पत्राला लावायची तिकिटं घेऊन परत आले. घरात आधीच दहा पडलीत.

त्याला कदाचित कळणारही नाही. तिथे बेकरीवाला आहे, तुतारी आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

साडेसातला खेळ सुरू होतो. खिडकीचा प्रसंग यायला सव्वा तास. मी घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. चाळीस वर्षं ज्याचं नाक पुसलं त्याला वाचवायला चार शब्दांची तार करता आली नाही मला.

२० नोव्हेंबर, बुधवार

"ताई, सिनेमा बघितला. खिडकी आली तेव्हा मी पण आधी हसलो. मग टोपी बघितली. गाठ डाव्या कानाखाली होती. मागून कुणीतरी म्हणालं, अरे थोर्वाल, तुझी पंचविशी! आणि सगळे वळले. त्या दिवशी इंगेबोर खिडकीशिवाय कुणाला दिसली नव्हती, ते त्यांना आता आठवलं. मी बाहेर आलो. बोडिल मागून आली. मी तिला रस्त्यातच म्हणालो, तूच सांगितलंस. तू सोडून कुणी बघितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. तेव्हा कळलं की तीच. तिच्या भावजयीचा भाऊ कोपनहेगनला थिएटरात काम करतो, त्याला तिने सांगितलं असणार. बोटीवरची पोरं मला बघून हात हलवतात, तसा. मी दुकान उघडत नाही. मासे विकायला बंदरावरून न जाता मागच्या वाटेने जातो. बोडिलकडे बघत नाही. ताई, तुला वाईट वाटेल म्हणून लिहीत नव्हतो. तुझ्या हातून ती टोपी शिवून घेतली त्यांनी, तुला काय माहीत. तुझा यात काही दोष नाही."

तुझा यात काही दोष नाही. हे त्याने खाली रेघ ओढून लिहिलंय.

माझा संशयसुद्धा त्याला आला नाही. 'कुणाला सांगू नकोस' असं तो म्हणाला नव्हता, कारण सख्ख्या बहिणीला असं कोण म्हणतं?

पण ही बोडिल! तोंडाला कुलूप का लावलं तिने? मी नाही सांगितलं, एवढं म्हणायला काय जातं? काहीतरी असेल तिचंही. माझ्यासारखं तिनेही कुणाला सांगितलं असेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वरचं शेवटचं वाक्य वाचलं. स्वतःला चपराक मारावीशी वाटली.

साहेबांच्या खोलीत गेले, दार न वाजवता. म्हटलं, "खिडकी कापा."

"काय?"

"तो प्रसंग काढून टाका सिनेमातून. माझ्या भावाचं गावात तोंड दाखवणं बंद झालंय."

ते बराच वेळ सिगारेट शोधत राहिले. ती त्यांच्या कानावरच होती. मग म्हणाले, "डॅग्नीबाई, देशभर तीस प्रती फिरतायत. त्या चार मिनिटांसाठी लोक येतात. ती काढली तर उरतं काय? पाव." मग म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंत."

"आणि तुम्ही हसलात. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो."

मी म्हटलं, "तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते. गर्दी बघितली की जाते. तुम्हाला अजून गर्दीची सवय नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तो दीपगृहवाला माझा बाप होता. माझी आई बघायला आली. संपल्यावर शाल गुंडाळत म्हणाली, एब्बे, बरं झालं रे कुणी आलं नाही ते. तेव्हापासून मी माझ्या माणसांचं काही काढत नाही. दुसऱ्यांच्या माणसांचं काढतो."

मी निघाले तर मागून हाक. "दुसरा भाग करायचाय. ती शेजारीण घ्यावी म्हणतो. डॅग्नीबाई, तिने चाळीस माणसांना सकाळी साडेसहाला कॉफी का पाजली असेल?"

"शेजारधर्म. दुसरं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले, अंधाऱ्या खोलीत बघतात तसे. मी म्हटलं, "बघू नका. हसणार नाहीये मी." आणि दार आपटलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बोडिलचं पत्र आलं. तिने मला जन्मात कधी पत्र लिहिलं नव्हतं. अक्षर माझ्याहून वाईट.

"डॅग्नी, थोर्वालने मला विचारलं. मी 'मी नव्हे' असं म्हटलं नाही. त्याला एकच बहीण आहे. शेजारीण काय, कुणीही मिळते. तू त्याला काही लिहू नकोस, त्याला ते झेपायचं नाही. त्याचा खोकला वाढलाय. मी काढा करून पायरीवर ठेवते. बाटली रिकामी होऊन परत येते, पण तो दार उघडत नाही. नाताळला त्याला लोकरीचे मोजे पाठव. मागचे टाचेत विरलेत. बोडिल."

मी पत्र चारदा वाचलं. ही बाई वेडी आहे की काय? यात तिचा फायदा काय? मला वाचवून हिला काय मिळणार? आमचं कधी जमलं नाही. आणि याच्या मोज्यांच्या टाचा हिला कशा ठाऊक?

पण सुटका झाली माझी. तिनेच लिहून दिलीय. मी गप्प बसायचं, एवढंच.

२७ नोव्हेंबर, बुधवार

करड्या रंगाची लोकर आणली. एक मोजा विणून झाला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा होत नाहीये. टाके सुटतात. माझ्या हातून टाका सुटला असं गेल्या वीस वर्षांत झालेलं नाही.

बसल्या बसल्या डोळ्यांसमोर येतं, ती काढ्याची बाटली घेऊन त्याच्या पायरीशी वाकतेय आणि बंद दाराकडे बघतेय. शेजारी एवढं करत नाही. मी तरी करणार नाही कुणासाठी. मग का करते? मला लवकर काही कळत नाही, पण कळलं की चीड येते. आणि मी हिला वर म्हटलं, काहीतरी असेल तिचंही.

आज तुकडा बघायला बोलावलं. नाही गेले. म्हटलं, दात दुखतोय. दात दुखत नव्हता. मला भीती वाटली, हसू येईल याची.

१ डिसेंबर, रविवार

आज पत्र टाकलं. वहीत उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मीच म्हणायला नको की मी असं लिहिलं नव्हतं.

"थोर्वाल,

बसून वाच. मध्ये उठू नकोस.

बोडिलने कुणाला काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं. पंधरा ऑगस्टला, दुपारी जेवताना, टेबलावरच्या सगळ्यांना. कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं माझं कौतुक होईल, आणि झालं. टोपी माझ्याकडून कुणी शिवून घेतली नाही, मीच मागून घेतली. गाठ त्यांनी हनुवटीखाली मारली होती, ती डाव्या कानाखाली मी घ्यायला लावली. आणि पडद्यावर बघून सगळ्यांत जास्त मी हसले. तू जाणार आहेस हे मला सहा दिवस आधी कळलं होतं. मी तार केली नाही.

सिनेमातून काढायला सांगितलं. काढत नाहीत. त्यामुळे बोटीवरची पोरं अजून काही महिने हात हलवतील. त्याला माझ्याकडे इलाज नाही. मी माफी मागत नाही, कारण तू लगेच देशील. लहानपणापासून तुझं तसंच आहे.

बोडिलने मला लिहिलं की गप्प बस. तिने तुझ्यासमोर स्वतःवर घेतलं, तुला बहीण उरावी म्हणून. तिला हे कसं परवडतं मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर तू गाढव आहेस, आणि नसेल तर त्याहून मोठा गाढव.

हे पत्र वाचून झालं की कोट घाल आणि तिच्या दारावर जा. मागच्या वाटेने नाही, रस्त्याने, लोकांसमोरून. पोरांनी हात हलवला तर हलवू दे. तिला काय म्हणायचं ते तुझं तू बघ, पण दारातून म्हणू नकोस, आत जा.

ते झालं की मला लिही. हवापाण्याचं नको, हेरिंगचं नको. दोनच गोष्टी लिही. गेलास की नाही. आणि नाताळला मी बोटीवरून उतरायचं की नाही. नको असेल तर नको लिही, मी इथेच राहीन आणि पुन्हा विचारणार नाही. पण गप्प बसू नकोस. गप्प बसलास तर मी समजेन की तू तिच्याकडे गेलाच नाहीस, आणि बुधवारच्या बोटीने येऊन बंदरावर उभी राहीन आणि हे सगळं मोठ्याने सांगेन, सगळ्यांना, नावानिशी, माझ्या नावानिशी.

मंगळवार, दहा तारीख. त्या दिवशीच्या सकाळच्या टपालाने मला उत्तर हवंय.

ताई"